आडवं विणलेलं

तिकीट तीस रुपये, ज्येष्ठांना पंधरा.
कॅम्पात, साचापीर स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत
एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर
चार पडदे.
पडदे नाही, टॅपेस्ट्री म्हणायचं,
मिस्त्रीबाईंनी पावती फाडता फाडता सांगितलं.
फ्लँडर्सच्या. साडेचारशे वर्षांच्या.
उजेडानं रंग उडतो,
म्हणून भिंतीवर बटण आहे.
दाबलं की एक मिनिट दिवा.

अप्पांना मी ठरवून आणलं नव्हतं.
डोळ्यांचा डॉक्टर लवकर आटोपला,
बाहेर ऊन, रिक्षा मिळेना.
वाटलं, बसतील घटकाभर खुर्चीत.

पहिलं मिनिट मी पाटी वाचण्यात घालवलं.
शिकार. घोड्यावर सरदार, मागे कुत्री,
पुढे उजवीकडे सुसाट हरिण.
आणि झाडं सगळी निळी:
हिरव्यातला पिवळा उडून गेला, नीळ तेवढी उरली.
दिवा गेला.

अंधारात अप्पा म्हणाले,
"ताणा आडवा आहे."
मी बटण दाबलं.
नाना पेठेत खड्डामागावर सदतीस वर्षं
लुगडी विणलेला माणूस
दोरीच्या अलीकडून वाकला होता,
चष्मा कपाळावर.
"चित्र उभं, पण माग आडवा.
विणणाऱ्याला हे असं दिसत नव्हतं.
मान टाक."

टाकली. उजव्या खांद्यावर.
त्यांनी आधीच टाकली होती.

सरदार उताणा पडला, टोपीसकट.
झाडं आडवी, पूर वाहून नेतो तशी.
आणि हरिण
सरळ वर चढत होतं,
पायाखाली काही नसताना,
मागोमाग कुत्री, तीही वर.
दीड-दोन वर्षं कुणीतरी
रोज सकाळी येऊन
हे हरिण वीतभर वर चढवलं असेल.

दिवा गेला, पुन्हा दाबला, पुन्हा गेला.
मिस्त्रीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या
आणि काही विचारायच्या आधी
त्यांचीही मान कलली.

"त्या कुत्र्याला पाच पाय आहेत," अप्पा म्हणाले.
मोजले. होते.
पाटीवर तसं काही नव्हतं.
"कळलं नसेल त्याला?"
"कळलं असेल. उसवायला कोण पैसे देतंय?
विणलेलं गुंडाळत जायचं.
पुरं दिसतं ते उतरवल्यावर,
आणि तेव्हा ते दुसऱ्याचं असतं."

रिक्षात मी विचारलं,
अप्पा, तुम्ही विणलेलं कुणी नेसलेलं
पाहिलंय कधी?
बराच वेळ नुसता मीटर बोलला.
"तुझ्या आईला. एक.
काठ चुकला होता, पेढीनं परत पाठवलं."

ते मला आठवतं. जांभळं.
चूक कुठे होती, ते आम्हाला कधीच सापडलं नाही.

रात्री त्यांची मान धरली.
आयोडेक्स चोळताना म्हणाले,
हळू. डावीकडे नको.
उजवीकडेच.