नियम सात, पोटनियम ग

अरुशा. आज सकाळचे तीन तास
नुसते दारांवर गेले.
पक्ष सतरा, सभागृहाला दारं दोन.
कोण कुठल्या दारानं, कोण आधी,
आणि आधी येऊन बसलेल्यानं
मागून येणाऱ्यासाठी उठायचं की नाही.
लिबेरा म्हणाला, सगळे एकदम आत जाऊ.
जेनेरोझ बारांकारिझा चष्मा पुसत म्हणाली,
एकदम गेलं की खांदे घासतात.
खांदे घासण्याइतकं अजून
आपलं काही ठरलेलं नाही.

लग्नातले मानपान मी पाहिलेत,
पंगतीतून उठून गेलेले मामाही.
इथं उठून जाणाऱ्याच्या मागे
डोंगरात चार हजार माणसं जेवायची थांबलेली असतात.

वर्णानुक्रमानं बसवू, असं परवा सुचवलं
आणि रात्रीतून चार पक्षांची नावं
'अ'नं सुरू व्हायला लागली.

टेबल गोल की लांबट,
नान्यारो सुताराला सोयरसुतक नाही.
तो एवढंच विचारतो, पाय कुठे देऊ?
गुडघा आपटलेला माणूस
दुपारपर्यंत कुणाचं ऐकत नाही म्हणे.
अकरा दिवसांत हा एकच सल्ला
मी जसाच्या तसा मसुद्यात घातला.

मग नियम सात.
पोटनियम क: अध्यक्षांचं स्वागत.
ख: पाणी, साधं, बाटल्यांवरची लेबलं काढून.
ग: मृतांसाठी एक मिनिट मौन.

कुठल्या सालापासूनच्या मृतांसाठी?
एकानं यादी काढली.
दुसऱ्यानं तिच्याही आधीची काढली,
कागद घडीवर फाटलेला, चिकटपट्टीनं जोडलेला.
तिसरा काही न काढता
खिशावर हात ठेवून बसला.
मौनात माईक चालू की बंद?
दुभाष्यांनी काचेआड काय करायचं?
मौनाचं भाषांतर करू नये
हे लेखी हवं, असा आग्रह झाला.
मी लिहून घेतलं.

दुपारी घोडं अडलं तहकुबीपाशी.
फ्रेंच प्रतीत 'उद्या', किरुंदी प्रतीत 'एजो'.
एजो म्हणजे उद्या,
आणि एजो म्हणजेच काल.
वकिलाला घाम फुटला. मला नवल वाटलं नाही.
माझ्या भाषेनं काल नि उद्या वेगळे काढले
पण परवा तसाच ठेवला,
दोन्हीकडे तोंड करून.

म्हातारा ओनेसिम तोवर बोलला नव्हता.
म्हणाला, एजो या, असंच सांगितलं होतं आम्हाला.
शाळेच्या मैदानात. मीठ वाटणार होते.
माझ्या पायाला जखम होती म्हणून मी नाही गेलो.
तारीख घाला. वार घाला.
किती वाजता या, ते आहेच तुमच्याकडे.
परत किती वाजता जायचं, तेही घाला,
आणि सोडायला कोण येणार, त्याचं नाव.

कुणी हरकत घेतली नाही.
जेनेरोझनं स्वतःचं पेन मला दिलं,
माझं चालत असूनही.
नियम नऊ, पोटनियम घ:
येणारा प्रत्येक जण परत पोचवला जाईल.
कायद्याच्या भाषेत हे बसत नाही, वकील पुटपुटला.
लिबेरा म्हणाला, मग भाषेला सरकायला सांगा.

साडेपाचला वीज गेली.
मेरू डोंगर खिडकीत होता तोही काळवंडला.
जनरेटर खोकला, थांबला.
स्वयंपाकघरात कुणीतरी मेणबत्ती धरली
आणि सतराही पक्ष
कांद्यांच्या पोत्यांमधून, ओल्या फरशीवरून,
समोरच्याच्या कोटाचा काठ धरत
मागच्या दारानं बाहेर पडले.
आधी कोण पडलं ते दिसलं नाही.
ते दार आमच्या नकाशात नव्हतं.

मी इतिवृत्तात लिहिलं:
बैठक अंधारामुळे तहकूब.
उद्या, गुरुवार, सकाळी नऊ ते एक.
सोडायला: कानाएली, पांढरी मिनीबस.
विषय पहिला: दारं.