निरुपद्रवी

त्रिएस्तेच्या बंदरावर, गोदामाच्या वरच्या मजल्यावर
ओंदीना एकतीस वर्षं कॉफी चाखते आहे :
चमचाभर, सुर्रकन, टाळूवर उडवून,
मग पितळी पिकदाणीत.
सुमात्राची ओली माती, इथिओपियाचं लिंबू,
कुठल्या पोत्याला जहाजातच बुरशी धरली,
जीभ सांगते. जिभेनं कधी दगा दिला नाही.

दिला तो छातीनं.

फेब्रुवारीत, रात्री, डाव्या कुशीवर असताना
एक ठोका आगंतुकासारखा लवकर आला.
मग काहीच नाही.
इतकं काहीच नाही, की तिनं आईला हाक मारली,
जिला जाऊन एकोणीस वर्षं झाली.
मग धाडकन एक,
उंबऱ्याला ठेच लागावी तसा.

चोवीस तास अंगावर वायरी, कमरेला डबी,
आणि एक वही : किती वाजता, काय करत होतात, काय वाटलं.
तिनं लिहिलं,
सहा दहा. मोजे घालत होते. छातीत मासा उलटला.
अकरा चाळीस. ब्राझीलचे नमुने. मासा.
तीन पाच. नेव्हियोचा फोन, पुन्हा पैसे. दोन मासे.
साडेसात. जिना चढले. मासा नाही.
तो का नाही, म्हणून घाबरले.

डॉक्टर पेर्तोत तिच्या मुलीच्या वयाची.
कागदाची लांब पट्टी बोटानं ओढत म्हणाली,
जादा ठोके एक हजार चारशे बारा.
हृदय धडधाकट. हे निरुपद्रवी आहे.
ओंदीनानं तो शब्द तोंडात घोळवला.
आंबट नाही, कडू नाही, मागे काही रेंगाळत नाही.
थुंकावा की गिळावा, कळेना.

मग काय करू?
वेळेवर झोपा. पाणी प्या. चाला.
रात्रीची वाइन निम्मी. आणि कॉफी…
डॉक्टरनं तिच्या बोटांवरचे तपकिरी डाग पाहिले.
कॉफीचं तुमचं तुम्ही बघा.

एत्तोरेच्या बारमध्ये ती पहिल्यांदा म्हणाली,
‘सातूची दे.’
एत्तोरे काउंटरवर वाकला, हळूच विचारलं,
कोण गेलं?

आठ दिवस डोकं ठणकलं.
नवव्या दिवशी दुइलियोशी भांडली, डब्याच्या झाकणावरून.
गोदामात अजून चाखते, पण सकाळीच, आणि सगळं थुंकते,
शेवटचा थेंबही, जो पूर्वी
मोलकरणीच्या बक्षिसासारखा गिळून टाकायची.

मार्चात बोरा सुटला.
पठारावरून समुद्राकडे, झटक्याझटक्यानं,
स्कूटर आडव्या, छत्र्या कचऱ्याच्या पेटीत.
या गावात माणसं वाऱ्यावर रेलून चालतात.
तिचे वडील टपाल वाटायचे. ते म्हणायचे,
वारा सहसा पाडत नाही गं,
तो मध्येच थांबतो, आपण रेललेले असतो, तेव्हा पडतो.
गुडघे सैल ठेव.
रिकामी जागा आली की घाई करू नकोस, पुढचा झटका येतोच.

धक्क्यावर, खांबाला धरून, तिला ते आठवलं
आणि नेमका तेव्हाच मासा उलटला.
बाहेर वारा थांबलेला, आत ठोका.
गुडघे सैल केले. लांब श्वास सोडला, सहापर्यंत मोजत.
दोन्ही परत आले, आधी कोण ते सांगता येणार नाही.

बरी झाली असं नाही.
परवा नेव्हियोचा फोन आला, आणि रात्री
तीन-चार मासे एकदम, जाळं फाटल्यासारखे.
ती उजव्या कुशीला वळली.
दुइलियोनं अंधारातच विचारलं, आला?
आला.
डॉक्टरला फोन करू?
नको.
थोड्या वेळानं त्याचं घोरणं सुरू झालं,
तेही मध्येच अडकतं, थांबतं,
ती मोजत राहते,
मग धाडकन सुरू.