उलटं पेडल

बॉस्टन. अमेरिकेतलं नव्हे,
लिंकनशरचं, गढूळ नदीचं, कोबीच्या शेतांचं.
विल्फ्रेड पॉकलिंग्टनच्या सायकलदुकानात
तेलाच्या डब्याखाली पेपर पसरलाय :
पादचारी पूल पाडणार नाही.
कौन्सिलचं बॅकपेडल.

आपण घूमजाव म्हणतो.
फारच चिडलो तर, थुंकलेलं चाटलं.
इथे पेडल उलटं मारतात
आणि पाठ न वळवता मागे जातात,
असा पेपरवाल्यांचा समज.

विल्फ्रेड हसतो.
"लिहिणारा सायकलवर बसलाच नाही कधी."
ढिगातून ओढतो एक जुनी हिरवी सायकल.
हँडलला ब्रेक नाही, वायर नाही,
सगळी अक्कल मागच्या हबमध्ये.
मला बसवतो, गल्लीच्या उतारावर सोडतो.
मार आता उलटं!
मारलं.
मागे? इंचभरही नाही.
कच्चकन् थांबली जागच्या जागी
आणि माझं नाक थोडक्यात वाचलं.

"बघितलंस? एवढंच होतं त्यानं.
मागं जायचं तर खाली उतरावं लागतं,
सायकल उचलून फिरवावी लागते,
अन् लोक बघत असतात."

मग बराच वेळ तो एकच स्पोक आवळत बसला,
आवळलेलाच.

"ब्रायनीला म्हणालो होतो, त्याच्याशी लग्न केलंस
तर या दारात पाऊल ठेवू नकोस.
तेरा वर्षं झाली.
राग तर पहिल्याच हिवाळ्यात गेला.
नावं ठेवायचं सोडलं, फोटो पुन्हा भिंतीवर लावला.
मला वाटलं, झालं, फिरलो मी मागं."
त्यानं पाना फडक्यानं पुसला.
"नुसता थांबलो होतो रे."

स्पॉल्डिंग इथून सोळा मैल.
बस आहे, दर तासाला.

शनिवारी दुकानाला कुलूप.
तो मला पुलावर दिसला, न पाडलेल्या,
कोटाची बटणं वरपर्यंत लावलेली,
शेजारून ढकलत नेत होता
एक लहान मुलाची लाल सायकल.
दोघं वाकून चालल्यासारखे दिसत होते.
कुणीतरी हाक मारली, कुठे निघालास विल्फ?
थांबला नाही.

सीट किती उंच ठेवायची
ते त्याला माहीत नव्हतं.
खिशातून पाना डोकावत होता.