सव्वीस तास

शनिवारी दीडला स्वारगेटला विट्याची गाडी,
रविवारी साडेतीनला परतीची.
झोप वजा केली, जेवणं वजा केली,
तुझ्या गुडघ्यांपायी जिने वजा केले.
पर्वती गेली.

वीजबिलाच्या पाठीवर शहर बसवतेय मी.
शनिवारवाडा: अर्धा तास.
पेशवाईला एवढाच देता येतो, कुमुदिनी, माफ कर.
केळकर संग्रहालयात नुसते दिवे बघू,
अडकित्ते पुढच्या खेपेला.
पाताळेश्वर सकाळीच, ऊन तापायच्या आत.
तिथला दगड गार असतो, असं ऐकलंय.

ऐकलंय.
एकतीस वर्षं इथं राहून
बसच्या खिडकीतून पाटी तेवढी वाचलीय.

काल फोनवर सगळं वाचून दाखवलं,
मिनिटांसकट.
तू हो हो म्हणालीस.
मग जरा थांबून,
"आपल्या मेसचा तो मागचा जिना आहे का गं अजून?
जिथं बसून तू सांगितलंस,
माझ्या फीचे पैसे घरून आलेत म्हणून?"

म्हणजे तुला ठाऊक होतं.
तेव्हापासून?

पेन्सिल कानामागेच होती, घरभर शोधली.
बिलावर आता बोटभर जागा नाही.
शनिवारवाड्याचा अर्धा तास
खोडून
जिन्याच्या नावे केला.