अधिकउणे

ओलेसुंदच्या फेरी-कचेरीत जानेवारीचा उजेड
उशिरा येतो, आणि जेवणानंतर फार वेळ बसत नाही.
तेवढ्यात आयविंदनं अधिकच्या चिन्हाला
चौथं काम लावलं.

आधीची तीन होतीच.
आकड्याला आकडा भेटला की बेरीज,
नावाला नाव भेटलं की नुसतं खेटून उभं राहणं,
वेळेला तास भेटले की मध्यरात्र ओलांडून
पुन्हा शून्यापासून.
आता: नौका अधिक धुकं.
उत्तर, चाळीस मिनिटं उशीर.
बचावनौकेसाठी निराळी ओळ:
धुकं कितीही असो, उशीर शून्य.
"गणितासारखं वाचता येतं," तो म्हणाला,
आणि स्वतःच पुन्हा वाचून खूश झाला.

टोर्ब्योर्ग एकतीस वर्षं याच खिडकीशी.
तिनं चष्मा कपाळावर सरकवला.
अधिकउणं काही बोलली नाही.

गुरुवारी धुकं आलं.
पडद्यावर सगळ्या बोटी धक्क्याला बांधलेल्या,
चाळीस मिनिटं, चाळीस मिनिटं, चाळीस मिनिटं,
बचावनौकासुद्धा.
खिडकीखाली तिची जागा रिकामी.
खुंटीवरून सुटलेला दोर अजून ओला.

"पण मी लिहिलं होतं!"
"लिहिलंस. यादीवर काय लिहिलंस?"
"...नौका."
"मग कंपायलरनं तेवढंच वाचलं.
बोटी सुटण्याच्या कितीतरी आधी
तो पाट्या बघून अर्थ ठरवतो आणि मोकळा होतो.
पाटीमागे कोण उभंय, ते बघायला
तो धक्क्यावर येत नाही."
"मग विचारायचं कुणाला?"
"तिलाच की. जी निघालीय तिला."

चिन्ह तिनं तसंच ठेवलं, पोराचा हिरमोड नको.
त्याच्या पोटात फक्त एक प्रश्न घातला:
धुक्यात तू काय करतेस?
मोटारींची फेरी म्हणाली, भोंगा देते आणि थांबते.
मासळीवाली म्हणाली, नांगर टाकते.
बचावनौका
उत्तर देईपर्यंत बंदराबाहेर होती.

घरी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर
स्वेर्रंच्या पेन्सिलीचं अधिक, आजच्या चौकटीत.
म्हणजे रात्रपाळी, बोटीवर.
तेच चिन्ह तिच्या भावाच्या दगडावर आहे,
खालचा पाय जरा लांब.
तेच दवाखान्याच्या दारावर,
तेच मागच्या आठवड्यातल्या दुधाच्या बिलात.
शेजारी कोण आहे, त्यावर असतं सगळं,
आणि हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

तिनं बटाटे सोलले. किती, ते मोजलं नाही.
रेडिओ लावला, बंद केला.
मग फोन उचलून त्याला विचारणार होती तेच,
जे दुपारी बोटींना विचारलं,
आणि ठेवून दिला.
उत्तर तिला माहीत होतं.
पातेल्यात
दोघांपुरतं पाणी घातलं.