तुटायला नेमलेली जागा

पंचावन्न अक्षरांची एक ओळ, असा आमच्या धंद्यातला हिशेब.
मधल्या मोकळ्या जागाही मोजायच्या.
जर्मन शब्द मालगाडीसारखा, डब्याला डबा.
इंग्रजीत नेला की कड्या निसटतात
आणि डबे रुळावर सुटे सुटे उभे.
मोजावं कुठलं, ते मला उर्सेलने शिकवलं,
जिने पंपांच्या कॅटलॉगांवर दोन मुलं वाढवली:
मोजायचं ते मूळ.

केम्नित्झ. नोव्हेंबर. हीटरवर मोजे वाळत.
टेबलावर दोर वळायच्या यंत्राची पुस्तिका, दोनशे बारा पानं.
यंत्र विकलंय. मार्चमध्ये बोल्टनला जाणार.
शब्दांनी आधी पोचायचं.

सकाळपासून जनावरं हाकते आहे पलीकडे.
आमची गोगलगाय तिकडे पोचते ती किडा होऊन,
शंख कुठे टाकला, विचारायचं नाही.
पोलादाच्या दोन पट्ट्या एकमेकींत अडकवणारी
आमच्या पाकोळीची शेपटी
तिकडे होल्याची होते.
अळी तेवढी अळीच राहते,
बिनडोक्याची, भोकात खोल बसलेली.
आणि आई?
आई पलीकडे गेली की नट होते.
यावर हसणं मी नव्वद सालीच सोडलं.

'श्पील'ची मला धास्ती. म्हणजे खेळ.
दोन भागांमधली केसाएवढी फट,
जिच्यावाचून काही फिरत नाही
आणि जी वाढली की सगळं खडखडतं.
तिकडेही तिला खेळच म्हणतात.
इतकं सरळ निघालं की तीनदा तपासलं.

तारांचे सहा पेड, मधे तेलात भिजलेला तागाचा दोरा:
त्याला आम्ही आत्मा म्हणतो.
इंग्रज म्हणतात गाभा.
गाभा लिहिलं.
मग उगाच जरा वेळ खिडकीशी उभी राहिले.

पान एकशे चाळीसवर अडले.
'मिटनेमर'. सोबत नेणारा.
कोशात सात अर्थ, त्यातला एक कुत्रा.
शेवटी ट्राम धरून कारखान्यात गेले.
गेरोल्ड उलमान, एकेचाळीस वर्षं त्या एकाच यंत्रापाशी.
"कोण कुणाला नेतो?" मी विचारलं.
तो बोलला नाही. माझी बाही चिमटीत धरली
आणि तीन पावलं चालला.
मी तीन पावलं चालले.
"हा," तो म्हणाला.

निघताना त्याने खिशातून पिन काढली,
पितळेची, करंगळीएवढी, कमरेत खाच.
"ही जागा तुटायला नेमलेली.
भार चढला की पहिली ही जाते.
दाते वाचतात, कणा वाचतो, पोरांची बोटं वाचतात.
तेवीस बदलल्या मी. बोल्टनवाल्यांना सांग,
हिच्या जागी पोलादाची घालू नका.
प्रत्येक नवा माणूस पोलादाची घालतो.
त्याला वाटतं, आधीचे मूर्ख होते."

"आणि मार्चनंतर तुम्ही?"
त्याने खाचेवरून अंगठा फिरवला.
"बाग आहे," म्हणाला. "कोबी लावतो."
मग बराच वेळ कोबीवरच्या गोगलगाईंबद्दल बोलला,
खऱ्या.

रात्री ते पान केलं.
पलीकडे त्या पिनेला नुसती 'कातरली जाणारी' म्हणतात.
तिचं काय होतं, तेवढं कळतं.
कुणी, कशासाठी नेमली, ते नाही.
खाली एक वाक्य मी माझ्या पदरचं घातलं:
हिच्या जागी पोलादाची घालू नये.

मुळात ते नाही,
तेव्हा हिशेबातही नाही.