ऑल्डरी, सात एकोणीस

क्रॉसबेक ते लीड्स, जाऊन-येऊन,
खिडकीवर मागितलं तर अकरा पौंड चाळीस.
डेरिक म्हणतो, खिडकीवर मागतात ते आळशी लोक.

गालिचांची गिरणी बंद पडल्यापासून
तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो,
चष्मा कपाळावर, पेन्सिल कानामागे.
एकतीस वर्षं कापणीखात्यात होता.
खोलीच्या मापाचा गालिचा कापल्यावर
चिंधी किती उरली, यावर तिथे माणसाची अब्रू ठरायची.
आता तो माझा रस्ता कापतो.

"हे बघ थेल्मा, क्रॉसबेक ते ऑल्डरी एक तिकीट,
ऑल्डरी ते लीड्स दुसरं.
गाडी तीच, सीट तीच, तू जागची हलायचं नाहीस.
आठ पंचाहत्तर."
"असं का पण?"
"का ते त्यांनाही ठाऊक नाही,"
असं म्हणून तो दात दिसतील असा हसला,
कितीतरी महिन्यांनी.

अट एकच: गाडी ऑल्डरीला थांबली पाहिजे.
कुणी चढो, न चढो,
चाकं थांबायला हवीत.

म्हणून रोज सात एकोणीसला
मी पुस्तक मिटते आणि बाहेर बघते.
ऑल्डरी म्हणजे एक बाक,
बर्फावर टाकायच्या मिठाची पिवळी पेटी,
कुंपणापलीकडे घोंगडी पांघरलेला घोडा.
दारं उघडतात. थंडी आत डोकावून जाते.
पहिलं तिकीट संपलेलं, दुसरं अजून लागलेलं नाही.
तेवढं अर्धं मिनिट मी रेल्वेची नसते,
डेरिकची नसते,
इस्पितळातल्या चारशे चादरींचीही नसते.
मग शिटी. मग लीड्स.

हे मी त्याला सांगितलेलं नाही.
त्याला वाटतं, वाचतात ते फक्त पैसे.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी
कंबर अशी धरली होती की
समोर दिसली त्या गाडीत शिरले.
ती जलद होती.
ऑल्डरी आलं आणि
ओल्या काचेवर बोट ओढावं तसं गेलं.
घोडा होता की नव्हता, कळलंच नाही.

तपासनीस कोवळा पोरगा, छातीवर नाव: ओवेस.
दोन्ही तिकिटं त्याने उलटसुलट करून पाहिली.
"दोन्ही खरी आहेत, मावशी.
पण मधली जोड सुटलीये."
कान लाल झाले त्याचे; माझे झाले नाहीत.
फाटक्या चादरी शिवण्यात माझा जन्म गेला,
जोड कशी सुटते ते मला कोण सांगणार?

पन्नास पौंड.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
बोगद्यात मी भागाकार केला:
एकोणीस दिवस.
डेरिकच्या एकोणीस संध्याकाळी,
पेन्सिलीला टोक काढून काढून बसलेल्या.

पावती मी एप्रनच्या खिशात राहू दिली
आणि सकाळी एप्रन इस्पितळाच्या धुण्यात टाकला,
सत्तर अंशांवर.
दुपारचं कँटीनचं सूप सोडलं.
घरी म्हणाले, वजन जरा उतरवतेय.
तो म्हणाला, कशाला? बरी आहेस की.

काल दार उघडायच्या आधीच त्याचा आवाज आला,
"अजून एक काप सापडला!
ऑल्डरीच्या अलीकडे, मिलगेटला.
रोजचे पंचेचाळीस पेन्स!"
टेबलावर तीन चौकोन आखलेले,
मधोमध चहाच्या कपाचा ओला गोल.

"तिथे गाडी थांबते?"
"सगळ्या नाही थांबत. तू बघून चढशील."
"बघून चढेन," मी म्हणाले.
कोट काढला, खुंटीला लावला.
"मिलगेटला काय आहे रे?"
"काय असणार? स्टेशन आहे."

उद्यापासून पुस्तक
दोनदा मिटावं लागेल.